घरी लाकडी ल्युअर बनवायचाय? लेथ मशीन घेण्याआधी ही गणिते समजून घ्या

खाडीत जिताड्यासाठी टाकलेला ल्युअर तळाच्या खडकात किंवा तिवरांच्या मुळांत अडकला आणि दोर तुटला, की तो कायमचा गेला. नियमित गरवायला जाणाऱ्यांचा खर्च वाढतो तो इथेच. मग हे खोटे मासे घरीच बनवावेत, असा विचार मनात येतो आणि पाठोपाठ प्रश्न पडतो, लेथ कोणती घ्यायची? निवड चुकली तर पैसे वाया जातातच, शिवाय निष्काळजीपणा केला तर डोळा किंवा बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. त्यामुळे आधी ल्युअर ठरवायचा आणि मग मशीन, हा क्रम महत्त्वाचा आहे.

लेथ लागतेच का?

लेथवर लाकूड स्वतःभोवती फिरते आणि पटाशी एका जागी टेकवून ते कातले जाते. त्यामुळे तयार होणारी वस्तू कुठेही कापली तरी गोलच असते, अगदी लाटण्यासारखी. पाण्यावर आवाज करत येणारा पॉपर, लांबट स्टिकबेट किंवा टॉर्पेडोच्या आकाराचा ल्युअर अशा गोल अंगाचा असतो. त्यांच्यासाठी लेथ उपयोगी आहे.

चपट्या अंगाचा, डुलत पोहणारा क्रँकबेट मात्र लेथवर थेट बनत नाही. त्यासाठी बारीक करवत, चाकू आणि पॉलिश पेपर पुरतो. फिनलंडच्या लॉरी रापाला यांनी १९३६ मध्ये आपला पहिला ल्युअर बुचापासून चाकूने कोरला होता. त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद लावला आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून वरचा थर दिला. जगप्रसिद्ध ब्रँडची सुरुवात लेथशिवाय झाली. तुम्हाला चपटेच ल्युअर हवे असतील, तर मशीनचा खर्च वाचला.

केवढी लेथ हवी?

लेथच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात. पहिला ‘स्विंग’, म्हणजे मशीनवर जास्तीत जास्त किती व्यासाचे लाकूड फिरू शकते. दुसरा ‘दोन केंद्रांमधले अंतर’, म्हणजे किती लांबीचे लाकूड बसते. १०×१८ असे लिहिले असेल तर स्विंग १० इंच आणि लांबी १८ इंच.

गोड्या पाण्यातला ल्युअर साधारण ५० ते १०० मिमी लांब आणि १५ ते २५ मिमी जाड असतो. समुद्रातला मोठा पॉपर २०० मिमीपर्यंत लांब आणि ४० मिमीपर्यंत जाड असू शकतो. म्हणजे ८ इंच स्विंगही भरपूर झाला. मोठा स्विंग लागतो तो वाडगी आणि थाळे कातणाऱ्यांना. ल्युअरसाठी त्याचे जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

लांबीचे गणित मात्र वेगळे आहे. मोठ्या माशासाठीच्या ल्युअरमध्ये नाकापासून शेपटीपर्यंत स्टीलची वायर आरपार घालतात आणि गळ तिलाच जोडतात. नुसत्या लाकडात पिळलेला हुक-आय जोराच्या ओढीत उपटून येऊ शकतो. मग मासा तर जातोच, पण तोंडात अडकलेले गळही घेऊन जातो.

या वायरसाठी लाकडाच्या मधोमध लांब भोक लागते. ते लेथवरच पाडायचे, तर लाकूड, ते धरणारा चक, समोरचा ड्रिल-चक आणि ड्रिल बिट हे सगळे एका ओळीत मावले पाहिजे. १५० मिमीच्या ल्युअरसाठी दोन्ही टोकांचे वाया जाणारे लाकूड धरून आणि दोन्ही बाजूंनी निम्मे-निम्मे भोक पाडले, तरी ही बेरीज साधारण ४०० ते ४५० मिमीवर जाते. १२ इंच म्हणजे सुमारे ३०५ मिमी. म्हणून समुद्रातल्या ल्युअरसाठी १८ इंचांची, किंवा बेड वाढवता येईल अशी लेथ बरी. छोट्या ल्युअरला १२ इंच पुरतात.

वेगाचे गणित काय?

काप स्वच्छ येतो तो पटाशीसमोरून लाकूड किती वेगाने सरकते त्यावर. हा वेग म्हणजे लाकडाचा परीघ गुणिले मिनिटाचे फेरे. २५ मिमीचा ल्युअर ३००० आरपीएमवर फिरवला तर त्याचा पृष्ठभाग मिनिटाला सुमारे २३६ मीटर सरकतो. २५० मिमीच्या वाडग्यासाठी तोच वेग अवघ्या ३०० आरपीएमवर मिळतो.

म्हणूनच वाडगे कातणारा सर्वांत कमी वेग बघतो, तर ल्युअर बनवणाऱ्याने सर्वांत जास्त वेग बघायचा. ३००० आरपीएमच्या आसपास जाणारी मशीन घ्यावी. मात्र चौकोनी तुकडा गोल करताना १००० ते १५०० वरच सुरुवात करायची आणि तो गोल झाल्यावर वेग वाढवायचा.

मोटर अर्धा एचपी, म्हणजे सुमारे ३७० वॅटची, या कामाला पुरते. परदेशातून मशीन मागवत असाल तर व्होल्टेज तपासा. अमेरिकेतली ११०–१२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची मोटर आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर थेट चालवता येत नाही.

विकत घेताना काय तपासाल?

• वजन: ओतीव लोखंडाचा बेड कंप शोषून घेतो. पत्र्याच्या हलक्या मशीनवर बारीक काम थरथरते. मणी कातायच्या छोट्या डीसी मोटरच्या मशीनवर मोठा पॉपर बनवण्याचा आग्रह धरू नका.

• टेपर: दोन्ही बाजूंना ‘एमटी-२’ असेल तर चक आणि केंद्रे सहज मिळतात.

• टोके जुळणे: हेडस्टॉक आणि टेलस्टॉकची टोके एकमेकांजवळ आणून बघा. ती समोरासमोर जुळत नसतील तर भोक तिरके जाईल. जुनी मशीन घेताना ही तपासणी आधी करा.

• बेअरिंग: वीज बंद ठेवून स्पिंडल हाताने फिरवा. खरखर किंवा ढिलेपणा जाणवला तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा.

• सोबतचा खर्च: पटाशांचा संच, चक आणि पटाशीला धार लावायला ग्राइंडर लागतोच. पटाशा हाय-स्पीड स्टीलच्या घ्या, त्यांची धार जास्त टिकते. सगळे बजेट मशीनवरच संपवले तर ती कोपऱ्यात पडून राहील.

लाकूड कोणते?

लाकडाच्या वजनावर ल्युअर तरंगणार की बुडणार हे ठरते. ३० मिमी जाड, १५० मिमी लांब सरळ दंडगोल धरला तर त्याचे आकारमान सुमारे १०६ घनसेंमी होते. तो बुडाला तर समुद्राचे साधारण १०९ ग्रॅम पाणी बाजूला सारतो. सागवानात या तुकड्याचे वजन जवळपास ७० ग्रॅम भरते. म्हणजे गळ, वायर आणि शिसे मिळून ३९ ग्रॅमच्या पुढे गेले की ल्युअर तळाला. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडात ही मुभा बरीच जास्त मिळते, पण ते मऊ असल्याने रंगाआधी नीट सील करावे लागते. बाल्सा त्याहून मऊ, त्यामुळे लेथपेक्षा चाकूलाच जास्त मानवतो. लाकूड कोणतेही असो, ते पूर्ण वाळलेले आणि गाठी-भेगा नसलेले हवे.

कोणती काळजी घ्यायची?

संपूर्ण चेहरा झाकणारी शील्ड लावल्याशिवाय मशीन सुरू करू नका. हातमोजे घालू नका, कारण ते फिरत्या लाकडात अडकून बोट ओढले जाते. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली साखळी, मोकळे केस यांचाही तोच धोका. टूल रेस्ट लाकडाच्या जवळ ठेवा, मशीन सुरू करण्याआधी लाकूड हाताने एक फेरा फिरवून बघा आणि घासताना टूल रेस्ट काढून टाका. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत केली आहे. त्यामुळे मास्क हवाच.

थोडक्यात काय?

चपटे ल्युअर हवेत तर चाकू घ्या. छोटे गोल हवेत तर ८×१२ ची मिनी लेथ पुरे, मोठे आरपार वायरचे हवेत तर १०×१८ बघा. तरीही खात्री नसेल, तर मशीन घेण्याआधी कागदावर आकार काढून जवळच्या कातारी कारागिराकडे जा. सावंतवाडीसारख्या गावात लाकडी खेळणी करणारे आजही आहेत, आणि लाटणी कातणारा कारागीर तर अनेक गावांत सापडतो. त्याच्याकडून चार-पाच ल्युअर कातून घ्या, गळ लावून पाण्यात टाका. कोणता आकार चालतो आणि वर्षाला किती ल्युअर लागतात हे कळले, की लेथ घ्यायची की नाही, हे ठरवणे सोपे जाईल.