नेते तुरुंगात, चळवळ रस्त्यावर

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव मंजूर झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजींसह काँग्रेसचे बहुतेक वरिष्ठ नेते पकडले गेले. पुढे नेमके काय करायचे, याचा तपशीलवार कार्यक्रम गावोगावी पोचलाच नव्हता. तरीही आठवडाभरात विदर्भ ढवळून निघाला. १६ ऑगस्टला तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे उठाव झाले. भंडारा जिल्ह्यात तुमसरलाही त्याच महिन्यात आंदोलकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि धानाची ही बाजारपेठ हुतात्म्यांचे गाव ठरली. आदेश देणारे गजाआड असताना लोक बाहेर का पडले, याचे उत्तर त्याआधीच्या दोन दशकांत सापडते.

संताप माणसाला एकदा रस्त्यावर आणतो. तुरुंगातून सुटून आलेल्याला पुन्हा रस्त्यावर आणायला ध्येय लागते. आणि ते ध्येय त्याच्या एकट्याचे असून भागत नाही. शेजाऱ्याला, बाजारातल्या अडत्याला, घरच्या बायामाणसांनाही ते आपले वाटावे लागते. तशी घडण मध्यप्रांतात १९२० पासून सुरू झाली. त्या वर्षी डिसेंबरमध्ये नागपूरला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने असहकाराचा ठराव कायम केला, वर्षाला चार आणे भरणाऱ्यास सभासदत्व खुले केले आणि प्रांतिक समित्यांची भाषेनुसार रचना ठरवली. त्यामुळे मराठी मध्यप्रांताचे काम मराठीत चालू लागले आणि स्वराज्याची चर्चा वकिलांच्या बैठकीतून चावडीवर आली.

ध्येय डोळ्यांना दिसावे लागते, हे १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहाने दाखवले. सिव्हिल लाइन्समध्ये चरख्याचा झेंडा नेण्यास सरकारने मनाई केली होती. १ मे रोजी जमनालाल बजाज यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. रोज स्वयंसेवकांची एक तुकडी झेंडा घेऊन निघे, अटक होई आणि दुसऱ्या दिवशी नवी तुकडी हजर राही. बजाज स्वतः पकडले गेल्यावर वल्लभभाई पटेलांनी सूत्रे घेतली. नेता बदलला, पण रोजचा क्रम मोडला नाही. ऑगस्टमध्ये झेंड्याची मिरवणूक त्या भागातून निघाली, तेव्हाच सत्याग्रह थांबला.

ध्येय पोटापाण्याच्या प्रश्नाशीही जोडले जावे लागते. १९३० मध्ये गुजरातेत मिठाचा सत्याग्रह झाला. पण समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या विदर्भाला सरकारी जाच जाणवत होता तो राखीव जंगलात. गुरांना चारा आणि चुलीला सरपण मिळण्यावर तिथे बंधने होती. १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलात गवत कापून कायदा मोडला. हे लोण मध्यप्रांतभर गेले; उत्तरेकडे शिवनी जिल्ह्यातील तुरिया येथे त्याच वर्षी जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. गवताच्या पेंढीत स्वराज्य दिसू लागल्यावर खेड्यातल्या माणसाला वेगळे भाषण ऐकवण्याची गरज उरली नाही.

भजनांनीही तेच काम केले. खंजिरीवर गाणाऱ्या तुकडोजी महाराजांनी ईश्वरभक्तीच्या जोडीने व्यसनमुक्ती, अस्पृश्यतानिवारण आणि देशसेवा विदर्भाच्या खेड्यांत नेली. सरकारला या भजनांचे वजन कळले होते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले.

मात्र समान ध्येय वरून लादता येत नाही. १९२४ च्या बेळगाव अधिवेशनानंतर काँग्रेसच्या सभासदाने दरमहा २,००० वार सूत द्यावे, असा नियम झाला. अनेकांना तो झेपला नाही आणि १९२५ मध्येच चार आण्यांचा पर्याय पुन्हा खुला करावा लागला. दुसरी मर्यादा अधिक खोल होती. स्वराज्य आले तरी पाणवठा आणि देऊळ खुले होणार का, हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा प्रश्न चळवळीला टाळता येण्याजोगा नव्हता. ज्याला ध्येयात आपला वाटा दिसत नाही, त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा धरता येत नाही.

ध्येयाची कसोटी हिंसेच्या वेळीही लागते. चिमूर-आष्टीत जमावाच्या हातून अधिकारी आणि पोलीस मारले गेले. नंतर लष्कर आणि पोलिसांनी चिमूरमध्ये केलेल्या अत्याचारांनी, विशेषतः स्त्रियांवरील अत्याचारांनी, देश हादरला. या अत्याचारांच्या चौकशीसाठी गांधीवादी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. गोळीला गोळीने उत्तर देण्याऐवजी अहिंसेच्याच मार्गाने न्याय मागण्याचा हा प्रयत्न होता. चिमूर-आष्टी प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांना वाचवण्यासाठी पुढे देशभर मोहीम चालली आणि १९४५ मध्ये उरलेल्यांची फाशी टळून जन्मठेप झाली.

तुमसरसारख्या गावाने १९४२ मध्ये वरच्या आदेशाची वाट पाहिली नाही, त्यामागे ही वीस वर्षांची मशागत होती. झेंड्याने ध्येयाला रूप दिले, जंगल सत्याग्रहाने ते रोजच्या जगण्याशी जोडले आणि भजनाने ते घराघरांत नेले. इतक्या जणांत वाटले गेलेले ध्येय काही शे नेत्यांना अटक करून ताब्यात घेता येत नव्हते.