न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर : साताऱ्याहून सरन्यायाधीशपदापर्यंत

जन्म : १६ मार्च १९०१, सातारा, वैदिक, संस्कृत पंडितांच्या घराण्यात.

शिक्षण : सातारा, धारवाड व पुणे, संस्कृतचा गाढा व्यासंग.

वकिली व न्यायासन : १९२६पासून मुंबईत वकिली, १९४५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे, १९५७मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती.

सरन्यायाधीश : १ फेब्रुवारी १९६४ ते १५ मार्च १९६६.

केशव सिंग प्रकरण (१९६४) : सभागृहाच्या अवमानाबद्दल तुरुंगात टाकलेल्या केशव सिंग यांना जामीन दिला म्हणून उत्तर प्रदेश विधानसभेने अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनाच सभागृहात हजर करण्याचा आदेश दिला. राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागितले. सात जणांच्या पीठाचे बहुमताचे मत गजेंद्रगडकरांनी लिहिले : सार्वभौम विधिमंडळ नव्हे, राज्यघटना श्रेष्ठ.

मंदिरप्रवेश (१९६६) : स्वामिनारायण पंथीयांचा वेगळ्या धर्माचा दावा फेटाळून त्यांच्या मंदिरांत दलितांचा प्रवेशाचा हक्क मान्य केला.

कामगार कायदा : औद्योगिक वादांवरील त्यांच्या निकालांनी या कायद्याला सामाजिक न्यायाची बैठक दिली.

निवृत्तीनंतर : मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, नंतर विधी आयोगाचे अध्यक्ष, १९७२मध्ये पद्मविभूषण.

निधन : १२ जून १९८१.

कायद्याच्या विद्यार्थ्याने केशव सिंग प्रकरणातील त्यांचे मत मुळातून वाचावेच.