नोंदवहीने न सांगितलेले
नाटे येथील यशवंतगडाचे चिरे जपले पाहिजेत, याविषयी दुमत नाही. परंतु अन्यायाचा इतिहास चिऱ्यांत सापडत नाही. साताऱ्याच्या शाळेने जपलेल्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव चढले. हा मुलगा वर्गात कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर बसे, हे मात्र ती वही सांगत नाही. ते त्यांच्याच आठवणींतून कळते. याच काळातील आपल्या जिल्ह्याचे बालपण सानेगुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’त रेखाटले. त्यात वृद्ध महार स्त्रीच्या डोक्यावर मोळी चढवण्यास आई श्यामला पाठविते. त्या प्रसंगाने आपले डोळे पाणावतात. मग त्या काळाची साक्ष देणाऱ्या गावोगावच्या शाळांच्या जुन्या वह्या वाळवीच्या स्वाधीन का?