फॉरमॅट मारण्याआधी रॅम तपासा

पीसी हँग व्हायला लागला की सल्ले फुकट मिळतात. 'व्हायरस असेल रे.' 'फॉरमॅट मार, मक्खन चालेल.' 'एसएसडी टाक.' 'तुझं डबडंच जुनं झालंय.' सगळे सल्ले लांबून. कॅबिनेटचं झाकण उघडून आत डोकावणारा मित्र शंभरात एखादाच.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. पीसी स्लो असणं आणि पीसी गोठणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. क्रोममध्ये चाळीस टॅब उघडल्यावर पीसी धापा टाकतो, पण माउसचा बाण हलतो, थोड्या वेळाने सगळं परत सुरू होतं. तो आजार नाही, तो तुमचा स्वभाव आहे. गोठणं म्हणजे बाण जिथल्या तिथे. गाणं चालू असेल तर शेवटचा सूर 'टर्रर्र' करत अडकलेला. कॅप्स लॉक दाबून बघा, कीबोर्डवरचा छोटा दिवासुद्धा लागत नाही. पॉवरचं बटण दाबून धरण्याशिवाय इलाज नाही. मग दोन दिवस सगळं झक्कास आणि तिसऱ्या दिवशी तासाभरात तीनदा तेच. कधी गेम खेळताना, कधी नुसता वर्ड उघडा असताना. पॅटर्नच सापडत नाही.

पॅटर्न न सापडणं हाच इथला पहिला धागा आहे. कारण हे रॅमचं लक्षण असू शकतं.

आमच्या बॅचमधल्या एका मित्राचा सेकंडहँड घेतलेला असेंबल्ड पीसी गेल्या सेमिस्टरला असाच गोठायचा. शॉर्ट फिल्मचं एडिटिंग त्याच्याकडेच होतं, म्हणजे आमच्या सहा जणांचे मार्क त्या डब्यात अडकलेले. रिपेअरवाल्याने आधी विंडोज नव्याने टाकून दिलं, पाचशे रुपये. चार दिवस चाललं. मग म्हणाला, 'बोर्ड गेलाय, साडेसहा हजार होतील.' घरी फोन करून पैसे मागायची तयारी चालू होती. तेवढ्यात हॉस्टेलवरच्या एका इंजिनिअरिंगच्या सिनियरने पेनड्राइव्ह लावून रात्रभर एक टेस्ट चालवली. सकाळी स्क्रीन लाल ओळींनी भरलेला. आठ-आठ जीबीच्या दोन स्टिकपैकी एक काढून ठेवली, त्यानंतर पीसी एकदाही गोठला नाही. बोर्ड ठणठणीत होता.

मग विंडोज नव्याने टाकल्यावर चार दिवस बरं का वाटलं? त्यासाठी रॅममध्ये नेमकं काय चालतं ते थोडं बघावं लागेल. फाइल हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर कायमची असते, पण तुम्ही ती उघडता तेव्हा काम होतं ते रॅमवर. किराणा फडताळात, चिराचिरी ओट्यावर, तसं. सोळा जीबी रॅम म्हणजे सुमारे १३ हजार ७०० कोटी सूक्ष्म कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात विजेचा इवलासा भार. भार आहे म्हणजे १, नाही म्हणजे ०. गंमत अशी की हे कप्पे गळके असतात. भार आपोआप झिरपत जातो, म्हणून डीडीआर४ रॅममध्ये प्रत्येक कप्पा साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरून घ्यावा लागतो. सेकंदाला पंधराहून जास्त वेळा, पीसी चालू असेपर्यंत. आता त्या कोट्यवधींमधला एखादा कप्पा जास्तच गळका निघाला, तर भरायची वेळ येण्याआधीच १ चा ० होतो. उष्णता वाढली की गळती वाढते. मे महिन्यात, पंखा धुळीने माखलेल्या बंद कॅबिनेटमध्ये काय होत असेल याचा अंदाज करा.

पुढचा सगळा खेळ त्या कप्प्यात त्या क्षणी काय ठेवलंय यावर. फोटोचा एक पिक्सेल असेल तर त्याचा रंग बदलेल, तुम्हाला कळणारही नाही. ब्राउझरचा तुकडा असेल तर टॅब क्रॅश होईल. विंडोजच्या गाभ्यातली एखादी सूचना असेल तर पीसी गोठेल, नाहीतर निळा स्क्रीन येईल. तोही दर वेळी वेगळा कोड घेऊन. विंडोज नव्याने टाकलं की रॅममध्ये कोण कुठे बसतं ते बदलतं आणि खराब कप्पा काही दिवस निरुपद्रवी गोष्टीच्या वाट्याला जातो. रोग तसाच असतो.

एक बिट उलटल्याने केवढा गोंधळ होऊ शकतो याचं गाजलेलं उदाहरण बेल्जियममधलं आहे. २००३ च्या निवडणुकीत ब्रुसेल्समधल्या स्कारबेकमध्ये मतदान कॉम्प्युटरवर झालं होतं. मोजणीत एका उमेदवाराला प्रत्यक्षात मिळाली त्यापेक्षा ४,०९६ मतं जास्त पडलेली दिसली. आकडा ओळखीचा वाटला का? २ चा बारावा घात. म्हणजे मोजणीतला फक्त एक बिट ० चा १ झाला, की बरोबर एवढीच मतं वाढतात. सॉफ्टवेअरमध्ये चूक सापडली नाही, शेवटी मेमरीतला बिट आपोआप उलटला असावा असा निष्कर्ष निघाला. अवकाशातून आलेल्या किरणामुळे ते झालं, असं हल्ली सगळीकडे छातीठोकपणे सांगतात. सिद्ध मात्र तसं काही झालेलं नाही.

ही गोष्ट ऐकून तुमच्या पीसीचं खापर मात्र अवकाशावर फोडू नका. गुगलच्या सर्व्हरमधल्या रॅमचा एक मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त स्टिकमध्ये चुका आढळल्या आणि त्या मुख्यतः योगायोगाने होणाऱ्या नसून त्या स्टिकमधल्याच खराबीमुळे होत्या, असं अभ्यासकांना दिसलं. म्हणजे वर्षातून एकदा पीसी गोठला तर सोडून द्या. दर आठवड्याला गोठत असेल तर आत काहीतरी बिघडलंय.

आणि हे मोठमोठ्यांनाही पटकन कळत नाही. ज्याच्या लिनक्सवर अर्धं इंटरनेट चालतं त्या लायनस टॉरवाल्ड्सच्या स्वतःच्या डेस्कटॉपवर ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रोग्राम अचानक कोसळायला लागले. तेही नव्या कर्नलचं काम ऐन भरात असताना. त्याने जुना कर्नल चालवून पाहिला, मग रात्रभर मेमरी टेस्ट लावली, तेव्हा कळलं की अडीच वर्षं व्यवस्थित चाललेली एक स्टिक गेली होती. नवी रॅम येईपर्यंत त्याने लॅपटॉपवर काम ढकललं.

हँग होणं हा त्रास आहेच, पण माझ्या मते खरा धोका वेगळा आहे. पीसी न गोठता चालू असतो तेव्हाही तो खराब कप्पा काम करतच असतो. तुम्ही 'सेव्ह' म्हणता तेव्हा रॅममधलीच प्रत डिस्कवर लिहिली जाते. त्यात एक बिट उलटा असेल, तर उलटाच लिहिला जातो. मग तीच फाइल गुगल ड्राइव्हवर सिंक होते, पेनड्राइव्हवर जाते, मित्राच्या लॅपटॉपवर जाते. सगळीकडे बिघडलेली. झिप फाइल कधी उघडते, कधी 'करप्ट' म्हणते, डाउनलोड केलेला इन्स्टॉलर दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडतो, असं होत असेल तर नेटला शिव्या घालण्याआधी रॅमवर संशय घ्या.

म्हणून संशय आला की त्या मशीनवर महत्त्वाचं काम थांबवा. जुन्या चांगल्या बॅकअपवर नवा बॅकअप अजिबात चढवू नका. नवी प्रत घ्यायचीच तर वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या, शक्य असेल तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून घ्या. आणि फॉरमॅट तर नकोच. खराब रॅममधून टाकलेलं विंडोज जन्मतःच लंगडं असू शकतं.

आता टेस्ट. विंडोजमध्येच एक सोय आहे. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधा, पीसी रिस्टार्ट होऊन तपासणी सुरू होते. पण ती जरा मवाळ परीक्षक आहे, बऱ्याच खराब स्टिकना पास करते. तिने नापास केलं तर विश्वास ठेवा, पास केलं तर ठेवू नका. खरी परीक्षा मेमटेस्ट८६ प्लसची. फुकट आहे, पेनड्राइव्हवरून चालते, विंडोज सुरू होण्याआधीच. (पेनड्राइव्ह बनवताना त्यातलं सगळं पुसलं जातं. लेक्चरच्या नोट्स आधी हलवा. आणि पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरवर बनवा, कारणं वर सांगितलीच आहेत.) काही पीसींवर त्यासाठी बायोसमधलं सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करावं लागतं. एका फेरीवर समाधान मानू नका, रात्री लावा आणि झोपा. निदान चार फेऱ्या होऊ द्या. काही चुका मशीन तापल्यावरच दिसतात. पास होण्यासाठी इथे पस्तीस मार्क चालत नाहीत. एक जरी लाल ओळ आली तरी नापास.

लाल ओळ दिसली म्हणून लगेच स्टिक फेकू नका. आधी बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू आहे का बघा. ती रॅमला ठरलेल्या मूळ वेगापेक्षा जोरात पळवणारी सेटिंग असते. ती बंद करून चुका गायब झाल्या, तर स्टिक बरी आहे, तिला ती धाव झेपत नाही एवढंच. नंतर विकत घेतलेली वेगळ्या कंपनीची स्टिक जुन्या स्टिकशी जुळत नाही, हाही नेहमीचा प्रकार.

मग कॅबिनेट. स्विच बंद, वायर भिंतीतून काढलेली, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलासुरला करंट संपवलेला. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. स्टिक कडेने धरा. सोनेरी पट्टी काळपट झाली असेल तर आपलं देशी औषध आहेच, खोडरबर. हलक्या हाताने घासा, भुगा लांब झटका, दोन्ही बाजूंचे खटके 'टक्' वाजेपर्यंत परत बसवा. हा उपाय हसण्यावारी नेऊ नका. दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात मुंबई-कोकणात, नुसत्या खराब कॉन्टॅक्टमुळे गोठणारे पीसी याने सुधारतात.

तरीही चुका येत असतील तर एका वेळी एकच स्टिक लावून टेस्ट करा. वेळ जातो, पण हजारो रुपयांचा निर्णय याच पायरीवर होतो. एकच स्टिक प्रत्येक स्लॉटमध्ये नापास होत असेल तर दोष स्टिकचा. दोन्ही स्टिक एकाच स्लॉटमध्ये नापास होत असतील, तर संशय स्लॉटवर किंवा बोर्डवर जातो. तेव्हा रिपेअरवाल्याचं 'बोर्ड गेलाय' ऐकायला हरकत नाही. आणि सगळ्या स्टिक रात्रभर निर्मळ पास झाल्या तर रॅमला सोडा, पॉवर सप्लाय, डिस्क आणि तापमानाकडे वळा. गोठण्याऐवजी पीसी फटकन बंदच पडत असेल, तर बहुतेक वेळा मी तरी आधी पॉवर सप्लायच बघेन. पण तो डबा उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात झटका देण्याइतकी वीज शिल्लक असते.

स्टिकच खराब निघाली तर नवी घ्यायला धावण्याआधी तिच्यावरचं लेबल वाचा. बऱ्याच नामांकित कंपन्या रॅमवर दहा वर्षांची किंवा 'लाइफटाइम' वॉरंटी देतात आणि हे आपल्याला कुणी सांगत नाही. रॅमचे भाव २०२५ च्या अखेरीस एआयच्या मागणीमुळे जे उसळले, त्यानंतर तर ही वॉरंटी म्हणजे कपाटात विसरलेली नोटच. अडचण बिलाची. लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या शहरातल्या कॉम्प्युटर गल्लीत '१८ टक्के वाचवतो, कच्चं बिल घे' असं कुणी म्हटलं की आपण खूश होतो आणि तीन वर्षांनी वॉरंटी मागायला गेलं की पक्कं बिल मागतात. सेकंडहँड घेताना विकणाऱ्याकडून मूळ बिलही मागून घ्या. नसेल तर सिरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पेजवर टाकून बघा, काही कंपन्या त्यावरही काम भागवतात.

दोन स्टिकचं किट एकत्र घेतलं असेल तर बदलून घेताना बऱ्याचदा दोन्ही पाठवाव्या लागतात, चांगलीसुद्धा. तेव्हा पार्सल करण्याआधी एखाद्या मित्राकडून चार जीबीची जुनी स्टिक उसनी आणून ठेवा. डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते विचारून आणा. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते आणि जोर लावून दाबली तर त्याच्या स्टिकबरोबर तुमचा बोर्डही खरोखरच जाईल.