हललेला फोटो साफ कसा होतो?

हललेला फोटो म्हणजे काय, तर शेजारशेजारच्या पिक्सेलची सरासरी. ती उलटी सोडवायला गेलं की बारीकसा नॉइजही कैक पटींनी फुगतो आणि चेहऱ्याऐवजी नुसत्या मुंग्या दिसतात. डेटा जरा हलला की उत्तर पार बदलतं, म्हणून हा प्रश्न 'इल-पोज्ड'.

१९६३ मध्ये सोव्हिएत गणितज्ञ तिखोनोव यांनी तोडगा मांडला, तो म्हणजे रेग्युलरायझेशन. उत्तर डेटाशी जुळायला हवंच, पण उगाच फुगलं तर दंड! दंड किती, ते लॅम्डा ठरवतो. कमी ठेवला की मुंग्या परत, जास्त ठेवला की चेहरा गुळगुळीत.

सीटी स्कॅनमध्येही हीच तडजोड असते. तिथे जास्त गुळगुळीत केलं, तर छोटी गाठच पुसली जाऊ शकते. त्यामुळे लॅम्डा जपून निवडायचा, बरं का!