परक्याच्या चाळणीत आपले मत

आपल्याकडे निवडणूक जाहीर झाली की तिकिटासाठी धावपळ सुरू होते. कोणी मुंबईला ठाण मांडतो, कोणी दिल्लीला. तिकीट कोणाला मिळाले हे वस्तीतल्या मतदाराला दुसऱ्या दिवशी पेपरातून कळते. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीच आधी एक मतदान होते. त्याला प्रायमरी, म्हणजे प्राथमिक निवडणूक म्हणतात. काही राज्यांत त्या पक्षाचा म्हणून नाव नोंदवलेल्या मतदारालाच तेथे मत देता येते. काही राज्यांत मात्र दार उघडे असते. एका पक्षाचा माणूस त्या दिवशी दुसऱ्या पक्षाच्या प्रायमरीत जाऊन मत टाकू शकतो. यालाच क्रॉसओव्हर मतदान म्हणतात. (आपल्याकडे राज्यसभेच्या वेळी आमदार फुटतात, ते वेगळे. येथे साधा मतदार उघडपणे जातो आणि त्याला कोणी थैली देत नाही!)

दोन फेऱ्यांची ही चाळण आपल्या समाजाला अनोळखी नाही. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात राखीव जागांसाठी अशीच प्राथमिक निवडणूक होती. पहिल्या फेरीत फक्त अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवार निवडायचे आणि त्या चौघांतून एकाला सर्वांनी मिळून निवडून द्यायचे. दुसऱ्या फेरीत इतरांची मते इतकी भारी की आपल्या माणसांनी चौथ्या नंबरावर ठेवलेला उमेदवारही निवडून येऊ शकत होता. बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये स्वतंत्र मतदारसंघाची मागणी पुन्हा मांडली, ती हा अनुभव पाठीशी असताना.

अमेरिकेतील काळ्या बांधवांना तर पहिल्या चाळणीलाच हात लावू देत नसत. टेक्सास राज्यात तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाचेच राज्य. प्रायमरी जिंकली की खुर्ची पक्की. त्या प्रायमरीत मत फक्त गोऱ्यांना. पक्ष ही खासगी संस्था आहे, कोणाला घ्यायचे ते आम्ही ठरवू, असा त्यांचा युक्तिवाद होता आणि १९३५ साली सुप्रीम कोर्टाने तो मान्यही केला होता. ह्यूस्टनचे दातांचे डॉक्टर लॉनी स्मिथ याविरुद्ध लढले. थर्गुड मार्शल यांनी त्यांची बाजू मांडली आणि एप्रिल १९४४ मध्ये कोर्टाने ही गोरी प्रायमरी रद्द केली.

दार उघडले म्हणजे सारे भले झाले असे नाही. २००२ साली जॉर्जिया राज्यातील कृष्णवर्णीय खासदार सिंथिया मॅककिनी डेमोक्रॅटिक प्रायमरीत हरल्या. त्यांना हरवणाऱ्या डेनिस मॅजेट याही कृष्णवर्णीयच होत्या. रिपब्लिकन मतदारांनी आमच्या चाळणीत शिरून हा निकाल लावला, असे म्हणत मॅककिनींचे समर्थक कोर्टात गेले. कोर्टाने ऐकले नाही. २००४ साली मॅककिनी पुन्हा निवडून आल्या.

मिसिसिपीत २०१४ साली याच्या नेमके उलटे घडले. तेथे साधारण दर शंभरात सदतीस माणसे कृष्णवर्णीय आहेत आणि ती बहुतेक डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. राज्यात जोर मात्र रिपब्लिकन पक्षाचा. थॅड कोचरन हे १९७८ साली प्रथम निवडून आलेले त्या पक्षाचे जुने सिनेटर. त्यांच्याविरुद्ध त्यांच्याच पक्षातले कडवे ख्रिस मॅकडॅनियल उभे राहिले. सरकारी खर्चाला कात्री लावा, हा त्यांचा घोष. ३ जूनला मॅकडॅनियल थोड्या मतांनी पुढे होते, पण निम्म्याहून जास्त मते कोणालाच मिळाली नाहीत. २४ जूनला फेरमतदान ठरले. ज्यांनी ३ जूनला डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिले नव्हते, त्यांना यात मत देता येत होते.

कोचरन यांची माणसे काळ्या वस्त्यांत फिरली. केंद्राचा पैसा शाळांना, इस्पितळांना आणणारा माणूस हवा की तो बंद करणारा, असा सरळ सवाल होता. मतदान सुमारे ६३ हजारांनी वाढले. राजधानी जॅक्सन ज्या हाइन्ड्स काउंटीत आहे, तेथे कृष्णवर्णीय बहुसंख्य आहेत, आणि तेथेही कोचरन यांची मते बरीच वाढली. ते ७,६६७ मतांनी जिंकले. मॅकडॅनियल चिडले, कोर्टात गेले. तक्रार मुदतीनंतर आली म्हणून ती फेटाळली गेली.

आम्हाला यात काळ्या मतदारांची लबाडी दिसत नाही. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकनच निवडून येणार हे दिसत असताना त्यातल्या त्यात कमी त्रासाचा माणूस निवडणे हा व्यवहार झाला. पण व्यवहारात दोन बाजू असतात. निकालानंतर काळ्या समाजातील पुढाऱ्यांनी कोचरन यांच्याकडे मतदान हक्क कायद्यासाठी पाठिंबा मागितला. १९६५ च्या या कायद्याचे एक महत्त्वाचे कलम सुप्रीम कोर्टाने २०१३ साली रद्द केले होते. मताधिकार दडपण्याचा इतिहास असलेल्या राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची, ही तरतूद त्याच कलमावर उभी होती. कोचरन एप्रिल २०१८ मध्ये प्रकृतीच्या कारणाने राजीनामा देऊन घरी गेले. तोवर ते कलम पुन्हा उभे राहिले नव्हते.