पतंगाला फुटलेले पंख

शर्यतीच्या शिडाच्या होड्या दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात सर्व होड्या एकाच साच्यातल्या. तेथे कस लागतो तो केवळ नावाड्याचा. दुसऱ्यात लांबी, रुंदी, शिडाचे क्षेत्रफळ अशी मोजकी बंधने घालून बाकीचे सारे कारागिराच्या बुद्धीवर सोडलेले असते. 'मॉथ', म्हणजे पतंग, हा एकट्या नावाड्याच्या होडीचा वर्ग दुसऱ्या प्रकारातला, आणि त्याचा इतिहास आम्हांस मोठा उद्बोधक वाटतो.

१९२८ साली ऑस्ट्रेलियातील इन्व्हरलॉक येथे लेन मॉरिस यांनी बोथट नाळेची, सपाट तळाची ११ फुटी होडी बांधली. पुढे लांबी तीच राहिली. सांगाडा मात्र ओळखू येईनासा झाला. बोथट नाळ गेली, टोकदार आली. मग नावाड्याच्या बैठकीसाठी दोन्ही अंगांना चौकटी काढल्या गेल्या आणि मधला सांगाडा पाण्याच्या रेषेपाशी जेमतेम फूटभर रुंद उरला. पाण्याचा अवरोध घटला खरा, पण नावाडी नसता ही होडी सरळ उभीही राहीना!

२००१ साली ब्रेट बर्व्हिल यांनी बाजूंना तिरपे जलपंख लावून होडी पाण्यावर उचलली आणि जागतिक स्पर्धेतील शर्यती जिंकल्या. तेव्हा वाद उभा राहिला: बाजूचे पंख म्हणजे एकाहून अधिक सांगाडे नव्हेत काय? ते वर्ज्य ठरले. (आमच्या किनाऱ्यावरील उलांडीच्या होडीचा निवाडा या पंचांनी कसा केला असता, कोण जाणे!) परंतु मधल्या पात्याला व सुकाणूला खाली आडवे पंख लावण्यास मज्जाव नव्हता. पर्थच्या इलेट बंधूंनी नेमके तेच केले. नाळेवरून पाण्यात टेकणारी एक कांडी उंची जोखते आणि पंखाची झडप हलवते. २००५ साली रोहन व्हील याच मार्गाने जगज्जेते झाले.

'इंटरनॅशनल १४' या वर्गाने १९३८ साली पीटर स्कॉट व जॉन विंटर यांची दोराला लटकून तोल सावरण्याची युक्ती विजयानंतर लगेच बंद केली आणि पुढे तीसएक वर्षे बंदच ठेवली. त्यापेक्षा मॉथवाल्यांची उदारता आम्हांस अधिक भावते. तिची किंमत मात्र लहान नव्हती. जुन्या होड्या पाहता पाहता निकालात निघाल्या, आणि घरच्या अंगणात होडी बांधणाऱ्या हौशी माणसाला कार्बन तंतूंचे महाग सांगाडे परवडेनासे झाले. गंमत अशी की, ज्या सांगाड्यासाठी इतकी वर्षे झीज सोसली, तो आता शर्यतीचा बराच वेळ हवेतच असतो. वारा पडला की तेवढा पाण्यावर टेकतो.